खोडलेल्या खुणा

"माझ्या खुणा तुम्ही खोडताय. औषध लागू पडत नाही, आणि तुम्ही ते दाबताय."

भिंगकाकूंनी खुर्चीवर न बसताच साहेबांना सुनावलं. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. बाहेर सगळ्यांचे कान एव्हाना टवकारले होते.

तेवीस वर्षं काकू एकच काम करत होत्या, डोळ्यांचे फोटो तपासायचं. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग काहींना दगा देतो. समोर माणूस उभा असतो, पण नेमका त्याचा चेहराच दिसत नाही. त्यावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी सध्या इथे चालू होती. पडद्याचे फोटो यायचे. कोणाचा डोळा, त्यात खरं औषध टोचलं की खोटं, काही कळायचं नाही. काकूंनी फक्त मधोमध बघायचं आणि सूज किंवा रक्त दिसलं की लाल खूण करायची. बाकीचे कॉम्प्युटरवर बघत. काकू फोटो छापून घेत, डावा डोळा मिटत आणि उजव्याला भिंग लावत. वर जातानाही काकू हे भिंग सोबत नेणार, अशी चेष्टा चालायची.

गेले चार महिने प्रत्येक फोटोच्या मधोमध काळपट डाग होता. एकही फोटो सुटला नव्हता. लाल खुणा करून करून काकूंचा हात दुखला. आणि काल अहवालाचा मसुदा हाती पडला, तर त्यात या चार महिन्यांतली त्यांची एकही खूण नव्हती. तेच फोटो तपासणाऱ्या दुसऱ्या वाचकाच्या खुणा तेवढ्या जशाच्या तशा.

तक्रारीचं पत्र त्यांच्या पर्समध्ये तयार होतं. उत्तर मिळालं नाही तर ते आजच वर जाईल आणि चाचणी बंद पडेल, असं त्यांनी बजावलं. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी टोचून कोणी मोठं होणार असेल तर त्या गप्प बसणार नव्हत्या.

साहेबांनी वाद घातला नाही. खणातून एक कागद काढून पुढे सरकवला आणि एवढा तपासा म्हणाले.

कागद कोरा होता. आपल्याला खेळवतायत, असं वाटून काकूंचं डोकं आणखीच भडकलं. तरी सवयीने त्यांनी डावा डोळा मिटला आणि भिंग टेकवलं.

मधोमध डाग.

त्यांनी तो बोटाने पुसून पाहिला. डाग हलेना. उलट बोटाचं टोकच त्यात नाहीसं झालं. त्यांनी डावा डोळा उघडला. कागद स्वच्छ, बोट शाबूत. पुन्हा मिटला. डाग.

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, लगेच उपचार सुरू करू. काकूंना ते सांगायला नको होतं. पहिल्या काही आठवड्यांत सुई टोचली तर किती नजर वाचते आणि चार महिन्यांनी किती उरते, हे इथे त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं.

भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं.

"खुणा पहिल्याच महिन्यापासून खोडल्यात. म्हणजे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"चाचणी वाचवायची होती, काकू. बभ्रा झाला असता, तर सगळे फोटो पहिल्यापासून वाचावे लागले असते."

"आणि माझा डोळा कोणी वाचवायचा होता?"