मांगुराचा डबा

भाऊसोला स्वतःच्याच तळ्याची किळस यायची. हातकणंगल्याच्या शिवारात त्यानं मांगूर पाळला होता, पण त्या माशाचा एक तुकडाही कधी तोंडात घातला नव्हता. चिकनच्या दुकानांतली सडकी आतडी हेच त्या माशांचं खाद्य. रोज सकाळी भाऊसो पत्र्याचा डबा वाजवायचा. लगेच मिशाळ, बुळबुळीत डोकी एकमेकांवर चढत पाण्याबाहेर यायची आणि तोंडं वर करून चपचप करायची. आतडी फेकून तो झटकन तोंड फिरवायचा.

दोन हजार साली या परदेशी मांगुरावर सरकारची बंदी आली. साहेबलोकांनी तळं उपसलं, मासे खड्ड्यात पुरले आणि वर चुना टाकला. भाऊसो म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचा!"

दुसऱ्या सकाळी निव्वळ सवयीनं त्यानं डबा वाजवला.

चपचप झाली.

त्यानं खड्ड्याच्या मातीला कान लावला. खाली सगळं गप्प होतं. त्यानं पुन्हा डबा वाजवला, तर चपचप अगदी जवळून आली.

डबा तिथंच टाकून तो घरी पळाला. मोरीत चुळांवर चुळा भरल्या, पण तोंडातला आतड्यांचा वास काही जाईना.

"आक्काताई, तुला कसला आवाज येतोय का गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"न्हाय की. बसा जेवायला," ती म्हणाली आणि आमटी ढवळून तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली.

चपचप सुरू झाली. भाऊसोनं दोन्ही कान गच्च दाबले, तशी ती आणखीच मोठी झाली.

आक्काताईच्या हातातली पळी गळून पडली. भिंतीकडं सरकत ती म्हणाली,

"अवो, त्वांड मिटा की!"