जहागीरदारांचा शजरा

अशफाकचं बोट त्या ओळीवर थांबलं. ‘पीरू पिंजारी यास मुलगा झाला. नाव रहीम.’ तहसील कचेरीतल्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरातलं मोडी अक्षर किरटं होतं, म्हणून त्यानं तीनदा वाचलं. रहीम म्हणजे गल्लीतल्या सैफुद्दीनचाचांचे वडील. म्हणजे चाचांचे आजोबा कापूस पिंजायचे.

त्याला हसूच आलं. त्याच्या स्वतःच्या घरात चार पिढ्या तेच चाललं होतं. वाशिमजवळच्या मालेगावात त्याचं गादी-रजईचं दुकान होतं. मोडी तो हौसेनं शिकला होता, वाशिमला दहा दिवसांच्या वर्गात. म्हणूनच चाचांनी आपला शजरा, खानदानाची वंशावळ, त्याला शोधायला सांगितला होता. एका लग्नात व्याह्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "आज्याचं नाव तरी ठाऊक हाय काय?" तेव्हापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"शजरा आण," ते म्हणाले होते, "आन् मंग तुह्या अम्मीले पाठव. जोयाचा रिश्ता पक्का समज."

जोया त्यांची नात. ती आणि अशफाक दोन वर्षं याच शब्दाची वाट पाहत होते.

चाचा कचेरीच्या पायऱ्यांवरच बसले होते. "सापडलं काय रे? माही अम्मी म्हने, आपन लय मोठ्या घरातले."

अशफाकनं तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याचे आशेनं भरलेले डोळे त्याला दिसले.

"मोठेच होते, चाचा," तो म्हणाला. "जहागीरदार."

म्हाताऱ्यानं भर रस्त्यात त्याला मिठी मारली.

पुढचे आठ दिवस अशफाकनं दुकानात बसून सात पिढ्या रचल्या. नावं, इनामाची गावं, केनवडकडची गढी, दोन घोडे. सगळं जाड कागदावर वळणदार अक्षरात उतरवलं. जोयानं तो कागद वाचला तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग तिलाही खरं सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी नमाजनंतर तो अम्मीला, अमीनाबीला, घेऊन गेला. तिनं पेढे घेतले होते, जोयासाठी कपड्यांचा हिरवा जोडा घेतला होता. शजरा काचेच्या फ्रेममध्ये बैठकीत लागला होता. चाचांनी अशफाकला शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं चहा दिला. पण त्यांची नजर वर होईना.

"तबियत बरी नाही काय, चाचा?"

"तबियतले काय धाड भरली? तू माह्यासाठी येवढं केलं, बेटा. म्या जबान देली होती. दोन दिवसांपासून समजावून राह्यलो, पन आयकतच नाही."

"कोन?" अमीनाबीनं विचारलं.

"जोया. म्हनते, जहागीरदाराची पोरगी पिंजाऱ्याच्या घरात देता काय?"