बर्फ नको

“त्या स्टुलावर नको, ते ठेवलेलं आहे. इकडे बस. मी ग्लास आणतो,” बारची मालकीण म्हणाली.

धाकट्याला हसू आलं. परक्या देशातली साठीची बाई चक्क मराठी बोलत होती आणि स्वतःला ‘आणतो’ म्हणत होती. मराठी तिला त्याच्या दादाने शिकवली होती. कित्येक वर्षं दादा काउंटरच्या अलीकडे बसून बोलला आणि तिने पलीकडे उभं राहून ते जसंच्या तसं उचललं. आणतो, ओततो, वैतागलो. बोलताना मान जराशी तिरकी करायची लकबही दादाचीच. ती दिसली आणि धाकट्याचं हसू तिथेच थांबलं.

दादा जाऊन महिना झाला होता. त्याची खोली रिकामी करायला धाकटा आला होता, संध्याकाळचं विमान होतं. मालकिणीने फारच आग्रह केला म्हणून बॅगा दाराशी ठेवून तो भर दुपारी इथे टेकला होता. बारमध्ये दुसरं कुणी नव्हतं. सकाळीच वहिनीने फोनवर बजावलं होतं, “यांचं काही तिथे राहता कामा नये हं भाऊजी. सगळं घेऊन या.”

हा बार त्याने कधी पाहिला नव्हता, पण त्याला तो परका वाटेना. दर रविवारी दादा फोनवरून या शहरातल्या बारांची हजेरी घ्यायचा. टीव्ही लावलेला बार म्हणजे दवाखान्यातली बाकं, आपला नंबर यायची वाट बघत बसा. गच्चीवरचे बार फोटो काढणाऱ्यांसाठी, पिणाऱ्याने जमिनीला धरून राहावं. जिथे वेटर दर पाच मिनिटांनी ‘सगळं ठीक ना’ विचारतो, तिथे काहीच ठीक नसतं. फेस दोन बोटं, कमी नाही, जास्त नाही. आणि इथले लोक बिअरमध्ये बर्फ टाकतात, त्यांना तर तो थेट तुरुंगातच धाडणार होता. धाकट्याने जन्मात बिअरला तोंड लावलं नव्हतं, तरी ही सगळी कलमं त्याला पाठ होती. वहिनी म्हणायची, माझ्याबद्दल यांचं एवढं मत कधी झालं नाही.

मालकिणीने ग्लास भरला आणि रिकाम्या स्टुलासमोर ठेवला. फेस बरोबर दोन बोटं होता.

“रोज ठेवता?” त्याने विचारलं.

“ठेवावा लागतो. तो येतो ना.”

“कोण?”

“दादा,” ती म्हणाली. धाकटा काही बोलणार तेवढ्यात तिने चिमट्याने ग्लासात बर्फाचे तीन खडे टाकले. “आता बघ.”

ती चार पावलं मागे सरकली. बाहेर कुणीतरी धाडकन शटर ओढलं आणि दोघांनीही दाराकडे पाहिलं. पुन्हा वळून बघतात तर बर्फ काउंटरवर. तिन्ही खडे ग्लासशेजारी ओळीने मांडलेले आणि त्यांच्याखाली पाणी पसरत चाललेलं. धाकट्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं. ते कोरडे होते.

“मी म्हातारा झालो,” मालकीण म्हणाली. “मला बार विकून मुलीकडे राहायचं आहे. पण तो रोज येतो, मी कसा बंद करू? नवीन मालक त्याला बर्फ घालणार. तू त्याचा भाऊ. तू सांग त्याला.”

“पण तो का येईल?”

“तोच सांगतो. रोज उठताना दारात उभा राहून सांगायचा, ‘येतो.’ शेवटच्या दिवशी पण तेच. येतो म्हणाला, म्हणून येतो.”

धाकटा म्हणाला, “अहो, ते तसं नाही. आमच्यात निघताना येतो म्हणतात. म्हणजे, जातोच. पण म्हणायचं येतो.”

“मग जातो का नाही म्हणत?”

“गेला म्हणजे मेला. दारात जातो म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची.”

“आणि परत येणारच नाही, तेव्हा?”

त्याने आठवून पाहिलं. आजोबा, आत्या, दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून हात हलवणारे बाबा.

“तेव्हाही येतोच,” तो म्हणाला.

मालकीण त्याच्याकडे बघत राहिली. “मग तुमचा माणूस जातो कसा?”

तो स्टुलाकडे वळला. दादा, जा. दोनच शब्द, पण जीभ काही रेटेना. सायकलचं कॅरिअर धरून मागे धावणाऱ्या, पडल्यावर आधी हसणाऱ्या आणि मग उचलणाऱ्या माणसाला जा कसं म्हणायचं? महिनाभर त्याला रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं. दादा इथे कुणाच्या तरी बर्फाशी भांडत एकटाच बसून राहणार, या विचाराने त्याला गलबलून आलं. त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

“दादा, चल ना,” तो म्हणाला. “घरी चल. वहिनी वाट बघतेय.”

ग्लासातली बिअर सावकाश खाली उतरली आणि अर्ध्यावर थांबली. मालकिणीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

“तू हो पुढे,” स्टुलावरून आवाज आला. “एवढी संपवली की आलोच.”