श्रवणघटका

सहा वर्षांच्या शाल्मलीच्या कानातले जिवाणू साऱ्या औषधांना पुरून उरले होते. शिल्लक होते एकच इंजेक्शन, आणि ते जिवाणूंबरोबर ऐकण्याच्या पेशीही कायमच्या मारत असे. म्हणून पहिल्या डोसपूर्वी प्रत्येक मुलाला श्रवणघटका, म्हणजे आवाजांचा निरोप घ्यायला थोडा वेळ, देण्याची रीत पडली होती.

आई ठरवून आणलेले गाणे गात होती. मध्येच डोळे पुसायला तिने तोंड फिरवले. गाणे थांबले, तरी शाल्मली शहाण्यासारखी डोलतच राहिली. ते डॉ. खानोलकरांच्या लक्षात आले.

“ताई, कान पुवाने भरलेत. तिला ऐकू जात नाहीये.”

“मग ही थट्टा कशाला मांडलीत, डॉक्टर?”

डॉक्टरांचा असल्या निरोपांवर विश्वास नव्हता; हाडांवर होता. “हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवा आणि बोला. आवाज हाडातून आत जाईल.”

आईला गाणे आठवेना. “शालू, सकाळी दूध सांडलंस ना?” एवढेच ती म्हणाली.

शाल्मली दचकली, मग खुदकन हसली. “अगं, ओरडतेस काय? ऐकू येतंय मला!”

आईने आवाज खाली आणला आणि ती बोलत राहिली. घटका संपली होती. डॉक्टरांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली आणि जिवाणूंना आणखी थोडा वेळ मिळू दिला.