गोळी कुठं लागली

"ही गोळी नको," उस्तादांचा मेहुणा म्हणाला आणि टेबलावरचं सडपातळ काडतूस त्यानं बोटानं दूर सारलं.

टेबलावर दोनच काडतुसं उरली होती. एक जुनं, जाडजूड, ज्यावर लष्करातल्या स्नायपरांच्या दोन पिढ्या पोसल्या. दुसरं नवं, अंगानं बारीक, पण पल्ल्यात जुन्याला हार न जाणारं. पुढच्या स्नायपर बंदुकीचं कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, यातली कुठली, ते समितीनं आज ठरवायचं होतं.

"कारण सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"जुन्या बंदुकीवर पोरांचा हात बसलाय."

"हात नवीवरही बसेल," नवी बंदूक घडवणारा इंजिनियर म्हणाला. "जुनी उडाली की तिच्यावरची दुर्बीण आभाळाकडे बघते. नेम स्थिर होईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. नवीचा धक्का निम्मासुद्धा नाही. नेमबाजाला स्वतःची गोळी लागताना दिसते. जोडीदाराच्या तोंडाकडे बघत बसायला नको."

"म्हणजे जोडीदार निघाले घरी भाजी निवडायला," कोणीतरी म्हणालं. टेबलाभोवती हसू फिरलं.

मेहुणा जन्मभर जोडीदारच होता. उस्तादांच्या शेजारी पालथं पडायचं, मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि गोळी सुटली की ती कुठं गेली ते सांगायचं. उस्ताद म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. दोघांनी नोकरी एकत्र केली, निवृत्तीनंतर पोरांना शिकवायलाही एकत्रच लागले. आजवर उस्तादांच्या शब्दाबाहेर मेहुणा कधी गेला नव्हता.

"उस्ताद, तुमचं काय?" अध्यक्षांनी विचारलं. समिती त्यांच्याच शब्दावर अडली होती.

"मला नवी हवी," उस्ताद म्हणाले. "पण आधी स्वतः उडवून बघीन."

चहाला सगळे बाहेर आले. मेहुण्यानं उस्तादांना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं.

"भाऊजी, ऐका माझं. जुनीच राहू द्या."

"पोटावर पाय येतो म्हणून?"

"तसंच समजा."

"तुला काही कमी पडतंय का? घरात आपण दोघंच. आणि तू रांधतोस ते खाऊन मीही फार दिवस पुरणार नाही."

मेहुणा हसला नाही. "मारणारा वेगळा आणि बघणारा वेगळा, ही वाटणी कुणीतरी शहाण्यानं केली असेल."

इंजिनियर कप घेऊन जवळ आला. त्याला बघून उस्ताद म्हणाले, "तुला सांगतो मला नवी का हवी ते. अख्ख्या नोकरीत माझी एकच गोळी चुकली. एका दारातल्या माणसाला टिपायचा हुकूम होता. मी चाप ओढला आणि धुण्याची बादली घेऊन एक बाई मध्येच आली. बंदूक उसळली. नेम स्थिर झाला तर दार मोकळं. यानं सांगितलं म्हणून कळलं, गोळी भिंतीत गेली आणि बाई आत पळाली."

"नशीब," इंजिनियर म्हणाला.

"नशीबच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, त्या बाईला लागली असती तर मी तुमच्या घरात नांदले नसते. शेवटच्या आजारपणातही तिनं तीच गोष्ट मागून ऐकली." उस्तादांनी कप कठड्यावर ठेवला. "ती गेल्यापासून वाटतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. या पोरांना तरी बघता यावं. दुसऱ्याच्या शब्दावर माणसानं किती जगायचं?"

मेहुणा चमच्यानं चहा ढवळत होता. चहा तो बिनसाखरेचा घ्यायचा.

दुपारी सगळे मैदानावर गेले. दूरवर प्लास्टरच्या आकृत्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामागं उघडं रान. गोळी लागली की प्लास्टरचा टवका उडायचा. एक आकृती बंदूकवाल्याची होती. तिच्या शेजारी, पार खेटून, एक बाई. तिला लागता कामा नये. चाचणीची रीत साधी होती. आधी नेमबाजानं काय दिसलं ते बोलायचं, मग जोडीदारानं. दोघांचं जुळलं तर नवी बंदूक खरी.

उस्ताद पालथे झाले. वय झालं तरी खांदा दस्त्याला बरोबर सापडला. मेहुणा शेजारी पडला आणि त्यानं दुर्बिणीला डोळा लावला.

पहिली गोळी सुटली. खांद्यावर कुणी हलकी थाप मारावी एवढाच धक्का. दुर्बीण जागची हलली नाही. बंदूकवाल्याच्या छातीचा टवका उडालेला उस्तादांनी स्वतः पाहिला.

"छातीत," ते म्हणाले. आवाज त्यांना आवरेना.

"छातीत," मेहुणा म्हणाला.

"झालं की काम," मागून इंजिनियर म्हणाला. "उस्ताद, आणखी एक. मग कागदावर सही करू."

उस्तादांनी श्वास सोडला, अर्धा धरला आणि चाप ओढला. त्याच घटकेला डावीकडून वारा उठला. चाप परत ढकलता येत नाही.

या वेळी त्यांना सगळं दिसलं. बाईचा गळा फुटला. डोकं एका बाजूला कललं, क्षणभर तसंच राहिलं आणि खाली पडलं.

"काय दिसलं?" इंजिनियरनं विचारलं.

उस्तादांनी कपाळ दस्त्यावर टेकलं.

मेहुण्याचा डोळा दुर्बिणीवरच होता. त्यानं हात लांब करून तो उस्तादांच्या पाठीवर ठेवला आणि अगदी हळू, जराही न अडखळता म्हणाला,

"भिंतीत गेली, भाऊजी. बाई आत पळाली."