न प्यायलेली कॉफी

"काका, बैरूतच्या सरकारकडे तुमच्या बंदुका कधी जमा करणार हो?" हे विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती, मग मी काय मागे हटतेय! बाबांचा चेहरा पांढराफटक. समोर बसलेले पाहुणे, अबू नाजी, खळखळून हसले. सीमेवरच्या आमच्या गावातली पोरं यांच्याच हुकमावर लढतात. "बंदुका दिल्या तर उद्या गावच उरायचं नाही, वाघिणी!" मग ते बाबांकडे वळले. "दारूगोळ्याच्या पेट्या तुमच्या तंबाखूच्या खोलीत लपवू." त्यांनी कॉफीचा कप ओठांना न लावताच खाली ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने असं केलं की त्याचं मागणं मान्य करायचं, नाहीतर घराण्याची अब्रू जाते. शेजारच्या घरात अशाच पेट्या होत्या. शत्रूच्या विमानांनी ते घर माणसांसकट पाडलं. आताही वर त्यांचं ड्रोन घोंघावत होतं. "बोल, कॉफी गार होतेय," ते बाबांना म्हणाले. बाबांची मान होकारासाठी हलणार, तेवढ्यात मी उठले. "बाबा, पेट्या आल्या तर मी रोज त्या पेट्यांवरच झोपणार."