मिटलेल्या नळ्या

ताटलीत मॉसच्या नऊ नळ्या होत्या आणि नऊच्या नऊ चपटलेल्या. प्रवासात डबा गळून त्या सुकल्या होत्या.

"मेल्या," डॉ. तांबोळी म्हणाले. "नव्या वाढवायला महिना जाईल."

यमुनाक्कांना काचबिंदू होता. डोळ्याचा दाब अडतीस होता, तो वीसच्या खाली आला नाही तर आठवड्यात नजर जाणार होती. म्हणून डोळ्यात अशी नळी बसवून आत साचलेलं पाणी बाहेर काढायचं ठरलं होतं.

"त्या मेलेल्याच असतात, सर," शर्वाणी म्हणाली. प्रयोगशाळेत तिनेच त्या वाढवल्या होत्या. "मॉसमधल्या पाणी वाहणाऱ्या पेशी मेल्यावरच कामाला लागतात."

"आमचं मालक जित्तेपणीबी लागलं न्हाईत," खाटेवरून अक्का म्हणाल्या.

"अगं, पण चपटलेल्या नळीतून डोळ्यातलं पाणी निघेल कसं?" तांबोळी शर्वाणीला म्हणाले.

"लाकडातल्या पेशींच्या भिंती लिग्निनमुळे ताठ असतात. इथे लिग्निन नाही, म्हणून भिंती सुकल्या की न मोडता मिटतात. भिजल्या की उघडतील."

तिने खारं पाणी थेंबाथेंबाने सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. आठ नळ्या तशाच राहिल्या. नववी हळूहळू गोल झाली.

"एकच?" तांबोळींनी विचारलं.

"एक पुरते, सर."

"मग बसवा की," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी दाब मोजला. सोळा.